अंधाराची वर्दी

१

नळ्या चोरीला गेल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. चोर शोधायचा, नळ्या परत आणायच्या आणि वेळेवर घरी जायचं. पण नळ्या जागच्या जागी होत्या. शीतपेटीचं कुलूप शाबूत होतं, बुचांवरची सीलं शाबूत होती, आत लाळही होती. त्या लाळेत जे असायला हवं होतं, नेमकं तेवढंच नव्हतं.

"काय नाही म्हणालात?" मी विचारलं.

"मेलाटोनिन," झोपेच्या डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे डोळे आठवडाभर न झोपल्यासारखे सुजले होते. "एकाही नळीत नाही. म्हणजे अगदी नावालाही नाही."

मी या रुग्णालयाची चौकशी अधिकारी. पद ऐकायला भारदस्त आहे, पण माझा दिवस हरवलेल्या कवळ्या आणि अदलाबदल झालेले चष्मे शोधण्यात जातो. माझ्या चष्म्याच्या जाड काचांमुळे लोक माझ्या पाठीमागे मला 'भिंग' म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात. मला दोन्ही चालतं, फक्त कोणी सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर. ते मात्र इथे कोणी देत नाही.

"डॉक्टर, मला शाळेतल्या पोरीला सांगतात तसं सांगा. हे मेलाटोनिन असतं काय?"

"अंधार पडला की मेंदूतली एक इवलीशी गाठ ते सोडायला लागते. लोकांना वाटतं झोपेचं औषध आहे. तसं नाही. ती नुसती वर्दी आहे. रात्र झाली, आवरा आता, एवढंच ती शरीराला सांगते."

"आणि नैराश्याचा याच्याशी काय संबंध?"

"त्यावरच तर भांडण आहे!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "काही रुग्णांत ही वर्दी फार उशिरा पोचते. घर झोपतं तेव्हा यांचं शरीर दुपार असल्यासारखं जागं. सकाळी जग उठतं तेव्हा यांची मध्यरात्र. असं वर्षभर चाललं की माणूस खचतो. मन बिघडल्यामुळे झोप बिघडली की झोपेमुळे मन, ते सगळ्यांच्या बाबतीत नाही सांगता येत. पण ज्यांचं घड्याळ खरंच मागे पडलंय, त्यांना सकाळचा प्रखर उजेड देऊन ते थोडं पुढे आणता येतं. काहींना त्याने उभारी येते."

ज्या रुग्णाच्या या नळ्या होत्या ती व्हायोलिन वाजवायची. इथल्या वाद्यवृंदात पहिल्या रांगेत तिची खुर्ची होती. दोन वर्षं ती नैराश्यात होती, औषधं बदलून बदलून घरचे कंटाळले होते. पहिल्या चाचणीत तिचं मेलाटोनिन चढलं होतं, पण फार उशिरा. डॉक्टर हरखल्या. नियमाप्रमाणे महिन्याभराने खात्रीची दुसरी चाचणी झाली आणि तिच्यात शून्य.

"एवढ्यासाठी मला कशाला बोलावलंत?" मी म्हणाले. "यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र ठीक आहे. बडे डॉक्टर म्हणतात, दुसरी चाचणी खरी आहे आणि पहिली खोटी. प्रयोगशाळेत शुद्ध मेलाटोनिनची बाटली असते. माझा सिद्धांत खरा ठरावा म्हणून पहिल्या नळ्यांत मीच ते थेंब थेंब घातलं, असं त्यांनी समितीला लिहून दिलंय. सोमवारी बैठक आहे."

"आणि तुमची रुग्ण?"

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. "वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाने सांगितलंय, बरं होण्यासारखं नेमकं कारण आहे असं रुग्णालयाने कळवलं तर तिची खुर्ची राखून ठेवू. नाहीतर सोमवारनंतर दुसरं माणूस बसवणार. त्या खुर्चीशिवाय तिच्याकडे अंथरुणातून उठायला दुसरं कारण नाही, मॅडम."

त्या दिवशी शुक्रवार होता.

२

बडे डॉक्टर म्हणजे मनोविकार विभागाचे प्रमुख. त्यांच्या खोलीत खुर्च्या इतक्या मऊ आहेत की माणूस एकदा बसला की कोणी हात दिल्याशिवाय उठत नाही. मी उभी राहिले.

"शीतपेटीची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे आणि तिच्याकडे." ते हसले. "म्हणजे संशयित मीही आहे, असंच ना? लिहून घ्या. पण मला विचाराल तर हे झोपेचं खूळ आहे. माणूस दुःखी आहे तर त्याच्या थुंकीत काय शोधता?"

"त्या बाई खोट्या ठरल्या तर त्यांची खोली तुमच्या विभागाला परत मिळेल, हेही खरं ना?"

हसणं थांबलं. "खोली मला हवी आहे. त्यासाठी मी लाळ चोरत नाही."

राग आला, पण पटलंही. शिवाय दुसऱ्या नळ्यांमधलं मेलाटोनिन चोरायचं कसं? घालता येतं, काढून घेता येत नाही. एकच मार्ग, नळ्याच बदलायच्या. मी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तंत्रज्ञाला मी काही विचारायच्या आधीच तो कावला.

"मॅडम, मी काही केलेलं नाही. दोन्ही वेळची लाळ एकाच बाईची आहे, मी स्वतः तपासलंय. पाणी घातलेलं नाही. बाकीचं सगळं जिथल्या तिथे आहे. नसलेली गोष्ट मी कुठून आणून दाखवू?"

म्हणजे नळ्या बदललेल्या नाहीत, पातळ केलेल्या नाहीत. मग बाईच्या शरीरानेच त्या संध्याकाळी वर्दी दिली नव्हती. का? मी बाहेर पडले तेव्हा दारावरची पाटी वाचली, 'येथे आवाज करू नये'. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं.

जिन्यात डॉक्टर भेटल्या. मी विचारलं, "शरीरानेच बनवलं नाही, असं कशाने होतं?"

"उजेडाने," त्या लगेच म्हणाल्या. "डोळ्यांवर उजेड पडला की गाठ गप्प बसते. म्हणून तर चाचणी काळोख्या खोलीत करतो. पण त्या खोलीत कोणी दिवा लावला असेल तर..."

त्या खोलीत रुग्णाशिवाय दोनच माणसं गेली होती. एक सिस्टर आणि दुसरा रुग्णाचा नवरा. नवऱ्याचा धंदा कुलपं दुरुस्त करण्याचा होता.

३

सिस्टरांना माझा प्रश्न आवडला नाही.

"दिवा? माझ्या पाळीत? मॅडम, त्या खोलीत मी माझं मनगटी घड्याळसुद्धा काढून जाते, काटे चमकतात म्हणून. खिडकीला दुहेरी पडदा आहे. कोपऱ्यात एक मिणमिणता तांबडा दिवा, त्यात माणूस दिसतो एवढंच. पेशंटने खुर्चीत बसायचं आणि ठरल्या वेळी नळीत थुंकायचं. चहा नाही, चॉकलेट नाही, केळं नाही."

"पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत काही फरक?"

"पहिल्या वेळी फार त्रास झाला. बाईचे हात लटलट कापत होते. एक नळी तर अंगावर सांडली, मग सगळ्या नळ्या मीच धरल्या. पोरीसारखी रडायला लागली, मी कशालाच लायक नाही म्हणून. दुसऱ्या वेळी शहाण्यासारखी बसली. स्वतःच्या हाताने नळ्या भरल्या, एक थेंब इकडचा तिकडे नाही. फक्त गार पडली होती. हात धरला तर बर्फ. मी दोन पांघरुणं दिली."

"ताप होता?"

"ताप असता तर हात गरम लागले असते. नाडी बघितली, तीही एकदम संथ. मला वाटलं, चला, घाबरली नाही या खेपेला."

मी हे सगळं ऐकलं आणि सोडून दिलं. माझं डोकं दिव्यात अडकलं होतं. माणसाच्या डोक्यात एकदा एक गोष्ट शिरली की समोरचा हत्तीही त्याला दिसत नाही.

नवरा रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसला होता. मांडीवर डबा होता, पण उघडला नव्हता. मी ओळख सांगितली आणि म्हणाले, "त्या संध्याकाळी तुम्ही आत गेला होतात."

त्याचा चेहरा उतरला.

"मीच केलं," तो म्हणाला. "मॅडम, डॉक्टरीणबाईंना काही करू नका. मीच गुन्हेगार आहे."

४

"काय केलंत?"

"फोन दाखवला तिला. आमची मुलगी माझ्या बहिणीकडे असते सध्या. तिने पहिल्यांदा आईचं गाणं पेटीवर वाजवलं, त्याचा व्हिडिओ आत्याने पाठवला. मला वाटलं, बघून जरा बरं वाटेल तिला. सिस्टर बाहेर गेल्या होत्या. खिशातून काढला आणि दाखवला. नंतर कळलं, उजेड चालत नाही." त्याने डोळे पुसले. "बरं करायला गेलो आणि घात केला."

"व्हिडिओ बघून त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. छान आहे, म्हणाली. परक्या मुलीबद्दल म्हणावं तसं."

मी धावत डॉक्टरांकडे गेले. गुन्हेगार सापडला, कबुली सापडली, शुक्रवार संपायच्या आत सुटका! डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"किती वेळ दाखवला?"

"एका गाण्याएवढा."

"तेवढ्याने अख्खी संध्याकाळ कोरी होत नाही, मॅडम. फार तर वर्दीला थोडा उशीर होईल. उजेड गेला की गाठ पुन्हा कामाला लागते. इथे शेवटच्या नळीपर्यंत काही नाही. फोन बंद केल्यावरही कोणीतरी गाठीचं तोंड दाबून धरल्यासारखं."

मी कपाळाला हात लावला. चौकशीत खोटं बोलणारा परवडतो, तो निदान कुठेतरी घसरतो. मनापासून चुकीचा गुन्हा कबूल करणारा माणूस म्हणजे डोकेदुखी. आता त्याला जाऊन सांगायला हवं होतं की तू काही केलेलं नाहीस, आणि तो ते मानणार नव्हता.

मानलंही नाही. पण समजावता समजावता एक गोष्ट निघाली.

"ती घरी असते तेव्हा उशिरा का होईना, झोपते तरी," तो म्हणाला. "कार्यक्रम असला की ते पण नाही. छताकडे बघत पडून राहते. मी म्हणायचो, टाळ्यांची नशा आहे, उतरेल."

"पहिल्या चाचणीच्या दिवशी कार्यक्रम होता?"

"छे! तेव्हा नाट्यगृहाचं छत गळत होतं. सगळ्यांना सुट्टी होती."

"आणि दुसऱ्या चाचणीच्या दिवशी?"

"दुपारी वृंदाचा खेळ होता. तिथूनच थेट इथे आली. काळी साडीसुद्धा बदलली नव्हती."

५

शनिवारी दुपारी मी नाट्यगृहात गेले. रंगमंचावर संध्याकाळच्या खेळाचा सराव चालू होता. वरचे दिवे असे तापले होते की पहिल्या रांगेत बसूनही माझा घाम चष्म्यावर ओघळत होता.

रांगेच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. तिच्या शेजारी एक वयस्क वादक, पांढरी दाढी, शांत चेहरा. त्यांना सगळे काका म्हणत होते. मध्यंतरात मी त्यांच्याशी बोलायला गेले.

"मागच्या खेळापासून ती का येत नाही, आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "गुणी पोरगी. मीच आणली तिला वृंदात. पहिल्या दिवशी वाऱ्यातल्या पानासारखी थरथरत होती."

"आणि मग?"

"मग सवय झाली." त्यांनी खिशातून एक पत्र्याची डबी काढली. "घ्या, पुदिन्याची गोळी. घसा सुकलाय तुमचा."

मी गोळी घेतली. तेवढ्यात दुसरी घंटा झाली आणि काकांनी दुसऱ्या खिशातून अगदी तशीच दुसरी डबी काढली. ती त्यांनी मला दिली नाही. न बघता शेजारच्या बाईकडे सरकवली, तिने पुढच्या माणसाकडे. डबी रांगेतून अशी गेली, जशी पंगतीत मिठाची वाटी जाते. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही, कोणी बोललं नाही. परत आली तेव्हा मी हात पुढे केला.

"मला यातली एक द्या."

डबी खटकन मिटली. "ही कडू आहे, बाई. तुम्हाला नाही आवडायची."

आता लाज सोडायची वेळ होती. सराव संपल्यावर मी रांगेतल्या प्रत्येकाजवळ गेले, "फार सुंदर वाजवता" म्हणत एकेकाचा हात हातात घेतला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण हात कळतात. त्या भट्टीसारख्या उजेडात, मी घामाने निथळत असताना, त्यातल्या बहुतेकांचे हात गार होते. हिवाळ्यातल्या नळासारखे गार.

आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या.

सासूबाईंना छातीत धडधडायचं. त्यासाठी ठोके संथ करणारी गोळी चालू झाली आणि धडधड थांबली. पण भर उन्हाळ्यात त्या हात बगलेत घालून बसायला लागल्या, आणि त्यांची झोप उडाली. रात्रभर त्या भांड्यांची आवराआवर करायच्या आणि मी त्यांच्याशी भांडायचे. गोळी बदलल्यावर झोप परत आली. आमचं भांडण काही थांबलं नाही, पण ते दिवसा व्हायला लागलं.

मी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून डॉक्टरांना फोन लावला. "एकच प्रश्न. छातीची धडधड कमी करायची जी गोळी असते, ती घेतली तर मेलाटोनिनचं काय होतं?"

पलीकडे कागद भराभर उलटल्याचा आवाज आला.

"गाठीला कामाला लावणारा निरोप ज्या मज्जातंतूंवाटे येतो ना," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "त्याच वाटेवर त्यातल्या काही गोळ्या अडसर घालतात. दिवे बंद केले तरी वर्दी निघतच नाही. पण मॅडम, मी तिला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. ती नाही म्हणाली!"

६

"तिने खोटं सांगितलं," मी काकांना म्हणाले. सराव संपला होता, मंचावर आम्ही दोघंच होतो. "आणि तुमच्यासाठी सांगितलं."

त्यांनी नाकबूल केलं नाही. डबी काढून रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"हात कापला तर व्हायोलिनचा गज तारेवर उड्या मारतो, बाई. मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जातं. अर्धी गोळी घेतली की हात दगडासारखा. मला माझ्या गुरुजींनी दिली, मी यांना दिली. व्यवस्थापक सगळीकडे सांगत फिरतो, माझे वादक कशाच्या आधाराने वाजवत नाहीत. त्याला कळलं तर अख्खी रांग घरी जाईल. म्हणून बाहेर कोणाजवळ बोलायचं नाही, असा आमचा शिरस्ता. घरीसुद्धा नाही."

"डॉक्टरांजवळही नाही?"

"ती गोळी हातांसाठी असते हो! झोपेशी तिचा काय संबंध?"

"संबंध आहे. ती पोरगी प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशी गोळी घेते. तुम्ही आठवड्यातून किती वेळा वाजवता?"

ते बोटांवर मोजायला लागले आणि मधेच थांबले. मला राग आला होता. कोणावर रागवायचं तेच कळेना. या म्हाताऱ्याने पोरीला आधार म्हणून दिलेली वस्तू. तिने यांना वाचवायला झाकलेली वस्तू. सगळे चांगले, सगळे मायाळू, आणि मधल्यामध्ये एक बाई दोन वर्षं छताकडे बघत पडलेली.

"मला तर काही झालं नाही," काका शेवटी म्हणाले. "मी ढाराढूर झोपतो."

"सगळ्यांना सारखं होत नाही. तिचं घड्याळ आधीच मागे होतं. त्यावर तुमची डबी."

७

सोमवारी बड्या डॉक्टरांच्या मऊ खुर्च्यांवर समिती बसली. मी या खेपेलाही उभी राहिले. झोपेच्या डॉक्टर एका बाजूला, व्हायोलिनवाली दुसऱ्या बाजूला. तिला मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. केस विंचरलेले, पण दुसऱ्या कोणीतरी विंचरल्यासारखे. तिचा नवरा दाराशी उभा.

"साधा हिशेब आहे," मी म्हणाले. "दुसऱ्या नळ्या कोणी बदलल्या नाहीत, लाळ एकाच बाईची. खोलीत उजेड पडला, पण थोडा वेळ. म्हणजे चोरी खोलीत झाली नाही, प्रयोगशाळेतही नाही. ती बाई आत येण्याआधीच झाली होती. पहिल्या वेळी यांचे हात कापत होते. दुसऱ्या वेळी हात स्थिर, गार आणि नाडी संथ. सिस्टरांना वाटलं, भीती गेली. भीती गेली तर हात ऊबदार होतात. हे हात भीतीने नाही, गोळीने शांत झाले होते. दुपारी वाजवायचं होतं म्हणून घेतलेली, ठोके संथ करणारी गोळी. पहिल्या वेळी नाट्यगृह बंद होतं, म्हणून गोळी नव्हती, म्हणून मेलाटोनिन होतं. दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत. कोणी थेंब घातलेले नाहीत."

"रुग्णाने नाकारलंय," बडे डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे पुरावा काय, गार हात?"

पुरावा म्हणून डबी मी आणू शकले असते. मग पुढचे प्रश्न आले असते, डबी कोणाची, आणखी कोण घेतं. मी डबीचं नाव काढलं नाही. मला त्या क्षणी त्या बाईला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. बोल ना गं, तुझ्या खुर्चीचा प्रश्न आहे!

ती उठली.

"मी घेतली होती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की सगळे पुढे वाकले. "मी स्वतः घेते. सांगितलं नाही. सांगितलं तर... काही लोकांना त्रास झाला असता. मला वाटलं, मी तर अशी पण निकामीच आहे. निदान त्यांचं तरी वाचू दे."

दाराशी उभा असलेला नवरा एक पाऊल पुढे आला.

"कोण लोक?" समितीतल्या एकाने विचारलं.

"तो या चौकशीचा विषय नाही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी एक प्रश्न मधेच बंद केला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

बड्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे मेलाटोनिन दाबलं गेलं म्हणून नैराश्य आलं, असं तुमचं म्हणणं?"

"नाही," झोपेच्या डॉक्टर म्हणाल्या. "तसं मी म्हणणार नाही. अनेक लोक या गोळ्या घेतात आणि मजेत असतात. काहींना तर हृदयासाठी त्या हव्याच असतात, त्यांनी मनाने बंद करायच्या नसतात. मी एवढंच म्हणते की या बाईच्या झोपेच्या धाग्यातली एक गाठ सापडली. ती सोडवून बघू. गाठोड्यात आणखी किती आहेत, मला माहीत नाही."

आरोप मागे घेतला गेला. माफी कोणी मागितली नाही, तशी इथे पद्धत नाही. वृंदाच्या व्यवस्थापकाला रुग्णालयाने एका ओळीत कळवलं की कारण सापडलंय आणि उपचार होण्यासारखं आहे. खुर्ची राहिली.

८

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपेल. डॉक्टरांनी गोळी बंद केली, सकाळचा उजेड सुरू केला, मनाची औषधं पहिल्यासारखी ठेवली. तिसऱ्या चाचणीत मेलाटोनिन आलं, उशिरा का होईना आलं. पण बाई काही हसत-खेळत घरी गेली नाही. नवरा मधून मधून व्हरांड्यात भेटायचा. "कसं काय?" विचारलं की म्हणायचा, "आहे तसंच." एकदा म्हणाला, "उजेडाच्या दिव्यासमोर बसते, पण भिंतीकडे बघावं तशी." मी घरी जाऊन उगाच भांडी आपटली. सत्य शोधून काढलं की माणसं बरी व्हायला हवीत, असं मला अजूनही वाटतं. या वयातही.

मग तिला घरी सोडल्याचं आणि ती पुन्हा मंचावर बसणार असल्याचं कळलं. गोळीशिवाय. मी गेले नाही. मला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात फोन वाजला.

"तुम्हीच ना त्या भिंगवाल्या?" आवाज बारीक अजिबात नव्हता. "काय करून ठेवलंत तुम्ही माझं? काल अख्ख्या सभागृहासमोर माझा हात कापला! संथ भागात गज तारेवर टणाटण उडत होता. काकांनी मान खाली घातली. मागच्या रांगेतली ती कालची पोरगी माझ्याकडे बघत होती! तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात धरून फिरायला?"

"ऐकून घ्या..."

"नाही ऐकणार! बारा वर्षं वाजवतेय मी, इतकं वाईट कधी वाजवलं नाही. लाज वाटली मला. घरी येईपर्यंत ठरवलं होतं, रात्रभर जागून एकेक सूर आठवायचा, कुठे कुठे चुकले ते बघायचं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! झोपले!" ती ओरडली. "असं वाजवून आले आणि घरी येऊन चक्क झोपले! पांघरूणसुद्धा घेतलं नाही. सकाळी यांनी हलवून उठवलं. याला काय अर्थ आहे?"

पलीकडे तिच्या मागे तिचा नवरा काहीतरी बोलत होता. तो रडत होता की हसत होता, मला कळेना. ती त्याच्यावरही ओरडली, मग पुन्हा माझ्याकडे वळली. मी खुर्ची ओढून घेतली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिचं सगळं बोलून होईपर्यंत फोन कानाला धरून बसले.